आर्वो पॅर्ट कसा ऐकायचा, आणि पेटीवर वाजवून कसा बघायचा

रिल्सच्या मागे, कुठल्यातरी सिनेमातल्या हॉस्पिटलच्या सीनला, नाहीतर 'झोपेसाठी शांत पियानो' टाइपच्या प्लेलिस्टमध्ये तुम्ही आर्वो पॅर्ट बहुतेक ऐकलेला आहे, फक्त नाव माहीत नसेल. एक पियानो, हळू हळू तीन तीन सूर, वर एक व्हायोलिन लांब लांब सूर धरतंय. लोक ऐकतात, म्हणतात वा किती शांत, आणि भांडी घासायला लागतात. आता त्यात वाईट काही नाही, पण एवढ्यावरच सोडलं तर माणसाने काय करून ठेवलंय ते कळतच नाही. कारण हे संगीत मूडवर चालत नाही, ते कडक नियमांवर चालतं, आणि गंमत म्हणजे नियम इतके साधे आहेत की घरात पेटी असेल तर आज संध्याकाळी तुम्ही ते वाजवून बघू शकता. वाजवल्यावर ऐकण्यात जो फरक पडतो तो दहा लेख वाचून पडत नाही, म्हणून हे सगळं लिहितोय. वेस्टर्न क्लासिकलचं शिक्षण लागत नाही, सरगम येत असली की पुरे.

सामान फार नाही. बरे हेडफोन्स, कारण याचं अर्धं संगीत अगदी बारीक आवाजात आहे आणि मोबाईलच्या स्पीकरवर ते चक्क गायब होतं. गाडीत ऐकू नका, इंजिनाखाली निम्मं दबतं. आणि एक पेटी. कीबोर्ड किंवा पियानोचं ऍप असेल तर अजून चांगलं, कारण पियानोचा सूर वाजला की विरत जातो आणि पॅर्टला ते विरणं हवं असतं, पेटीचा सूर भाता आहे तोवर तसाच उभा राहतो. पण नियम समजायला पेटी उत्तम.

आधी माणूस कोण ते थोडक्यात, कारण हे नियम कुठून आले ते कळल्याशिवाय नुसतं गणित वाटेल. जन्म 11 सप्टेंबर 1935, एस्टोनियातल्या पाइदे गावचा, वाढला राकवेरेमध्ये. लहानपणीच देश सोव्हिएत युनियनमध्ये गेला. घरात जुना मोठा पियानो होता पण त्याच्या मधल्या पट्ट्या बिघडलेल्या, त्यामुळे पोरगा वरचे आणि खालचे सूर घेऊनच खेळायचा, असं सांगतात. (पुढे त्याचा फ्यूर अलीना हा पियानोचा तुकडा ऐकाल तेव्हा हे आठवा, एकदम खाली एक खर्ज आणि बाकी सगळं वर, मध्ये मोकळं.) गावच्या चौकात खांबावर लाउडस्पीकर, त्यावर रेडिओची सिम्फनी लागायची, आणि हा सायकलवरून चौकाला गोल गोल चकरा मारत ऐकायचा. राकवेरेच्या चौकात आता सायकल घेतलेल्या मुलाचा पुतळाच उभा केलाय. सैन्यात सक्तीची नोकरी केली, तिथल्या बँडमध्ये ओबो आणि ड्रम वाजवला, मग टॅलिनच्या कॉन्झर्व्हेटरीत हाइनो एलर यांच्याकडे शिकला आणि शिकता शिकता एस्टोनियन रेडिओत साउंड इंजिनिअरची नोकरी धरली, ती जवळपास दहा वर्षं. पोटासाठी सिनेमांचं संगीतही पुष्कळ केलं.

सुरुवातीचा पॅर्ट अजिबात शांत नव्हता बरं का. 1960 साली नेक्रोलोग लिहिलं, बारा सुरांच्या पद्धतीचं (सप्तकातले बाराही सूर सारख्याच मानाचे, सा असा कुठलाच नाही), एस्टोनियात तसं पहिलंच, आणि मॉस्कोच्या संगीत मंडळींनी त्यावरून झापलं, पश्चिमेचं वारं लागलंय म्हणून. मग 1968 मध्ये क्रेडो. जुना जर्मन कंपोझर बाख, त्याचा एक साधा सरळ पियानोचा तुकडा घेतला, त्याच्यावर ऑर्केस्ट्रा आणि कोरसचा दंगा उभा केला आणि पार चिंधड्या झाल्यावर पुन्हा बाखकडे आणून सोडलं. संगीताचं एकवेळ चाललं असतं, पण सुरुवातीचे शब्दच 'मी येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवतो' असे. सोव्हिएत हॉलमध्ये, कंडक्टर नेमे यार्वीच्या हाताखाली, जाहीर कार्यक्रमात. रचनेवर बंदी आली, कामं आटली.

पण मला वाटतं खरा अडथळा सरकारचा नव्हता, त्याचं स्वतःचंच सगळं संपलं होतं. बारा सुरांची पद्धत नको, क्रेडोसारखं दुसऱ्यांचे तुकडे चिकटवलेलं कोलाज नको, मग काय. त्यानंतर सुमारे आठ वर्षं त्याने स्वतःचं म्हणावं असं फार थोडं लिहिलं, 1971 ची तिसरी सिम्फनी सोडली तर जवळजवळ काहीच मोठं नाही. या काळात तो ग्रेगोरियन चांट, म्हणजे मध्ययुगातल्या मठांमधलं, साथीशिवाय एकाच चालीचं प्रार्थनागायन, ते ऐकत आणि लिहून काढत बसला. वह्याच्या वह्या भरल्या, नुसत्या एका ओळीच्या चालींनी. स्तोत्र वाचायचं आणि लगेच, विचार न करता, एक चाल लिहायची. पक्ष्यांचा थवा दिसला की त्याच्या उडण्याची रेघ कागदावर काढायची आणि त्या रेघेवर सूर ठेवायचे. रियाजच म्हणा की हा, फक्त गळ्याऐवजी पेन्सिलीचा. 1972 मध्ये नोराशी लग्न, त्याच सुमारास ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये प्रवेश. आणि फेब्रुवारी 1976 मध्ये फ्यूर अलीना. ओळखीच्या कुटुंबातली मुलगी लंडनला शिकायला गेलेली, तिच्यासाठी लिहिलेला जेमतेम दोन पानांचा पियानोचा तुकडा. त्यात तो नियम पहिल्यांदा आला ज्याला त्याने पुढे टिंटिनाबुली नाव दिलं, म्हणजे घंट्यांचा किणकिणाट.

पहिली स्टेप: फ्यूर अलीना नुसतं ऐका

दोन-तीन मिनिटांचं आहे. एक गोष्ट लक्षात ठेवा, ईसीएम या रेकॉर्ड कंपनीच्या 1999 च्या अलीना नावाच्या रेकॉर्डवर हे दहा मिनिटांच्या वर जातं, कारण अलेक्झांडर माल्टर या पियानिस्टने त्यावर फिरत फिरत वाजवलंय. सुंदर आहे, पण पहिल्यांदा ऐकायला छोटंच घ्या, नाहीतर आकार हाती लागत नाही.

सुरुवातीला खाली खर्जात एक ठोका पडतो आणि पेडल दाबून ठेवल्यामुळे तो मागे गुणगुणत राहतो. मग वर दोन सूर, थांबा. मग तीन, थांबा. मग चार. असं एकेकाने वाढत आठपर्यंत जातं आणि पुन्हा एकेकाने कमी होत येतं. ठेका नाही, मात्रा लिहिलेल्या नाहीत, नुसते काळे आणि पोकळ गोळे, काळा म्हणजे छोटा सूर, पोकळ म्हणजे लांब. आपल्याकडे आलाप ऐकायची सवय असलेल्याला ताल नसल्याचं काहीच वाटणार नाही, उलट पाश्चात्त्य संगीतवाल्यांनाच ते अवघड जातं.

दुसऱ्यांदा ऐकताना फक्त मोजा. कितीचा गट चाललाय एवढंच. भावना वगैरे नंतर.

दुसरी स्टेप: पेटी काढा

मूळ रचना पांढरी सातच्या मायनरमध्ये आहे पण आपण पांढरी सहा सा धरूया, कारण मग एकही काळी पट्टी लागत नाही. पांढरी सहा पासून सरळ पांढऱ्या पट्ट्यांवर चढत गेलात की आसावरी थाट मिळतो, ग ध नि कोमल. पुढे मी कोमल कोमल म्हणत बसत नाही, ग ध नि म्हटलं की कोमलच समजा.

आता दोन आवाज. पहिला आवाज चालीचा, तो या सात सुरांवर पायरी पायरीने फिरतो. दुसरा आवाज घंटेचा, आणि त्याला फक्त तीन सूर माहीत आहेत: सा, ग, प. बस. नियम असा की चालीचा जो सूर वाजेल त्याच्या लगेच खालचा, सा ग प मधला जो सूर असेल तो त्याच वेळी वाजवायचा. चालीत रे आला तर खाली सा. ग आला तरी सा, कारण स्वतः ग चालत नाही, खालचाच हवा. म ला ग, प ला पण ग. ध ला प, नि ला प, आणि सा ला खालचा प. झालं, एवढाच नियम आहे, आणि माणूस पन्नास वर्षं याच बीजावर लिहीत आलाय.

पेटीवाल्यांना इथे प्रश्न पडेल की एक हात भात्यावर, मग दोन आवाज कसे वाजवणार. दोन्ही उजव्याच हाताने. खालचा सूर अंगठ्याने, वरचा मधल्या बोटाने, कुठेही चार पट्ट्यांपेक्षा जास्त ताणावं लागत नाही. पेटीला खर्ज धरायची सोय असेल तर सा सोडून द्या खाली, म्हणजे तो सुरुवातीचा ठोका झाला.

आता ही ओळ घ्या, माझीच आहे, पॅर्टची नाही: रे ग. थांबा. ग रे सा. थांबा. सा ग म प. थांबा. प ध प म ग. प्रत्येक गटाचा शेवटचा सूर लांब धरा. सोबत घंटेचा आवाज असा पडेल: सा सा. सा सा प. प सा ग ग. ग प ग ग सा. शेवटच्या गटात ध वर आलात की ध आणि प एकदम वाजतील, अगदी शेजारशेजारच्या पट्ट्या, आणि कान म्हणेल चुकलं. चुकलेलं नाही. आपल्या कानाला एका वेळी एक सूर आणि त्यामागे तंबोरा अशी सवय असते, म्हणून दोन सूर असे खेटून वाजले की बेसूर वाटतात. जरा धरून ठेवा आणि मग पुढच्या प वर या, तिथे खाली ग मिळतो आणि सगळं मोकळं होतं. हा ताण आणि सुटका कुणी 'लिहिलेली' नाही, नियमातून आपोआप पडली, आणि पॅर्टच्या संगीतात जे काळीज हलतं ना ते नेमकं या अशा जागांवर.

लोक म्हणतात चाल वेगळी आणि साथीचे कॉर्ड वेगळे. इथे तसं नाहीये. घंटेचा आवाज चालीला सोडून एक सूरही वाजत नाही, आणि चालही त्याच्याशिवाय येत नाही. यावर नोराचं एक समीकरण आहे जे पॅर्ट पण सांगतो: एक अधिक एक बरोबर एक. त्याच्या लेखी भटकणारी चाल म्हणजे चुका करणारा माणूस आणि तिन्ही सुरांवर पक्का बसलेला दुसरा आवाज म्हणजे क्षमा. तुमचा देवावर विश्वास असो नसो, वाजवताना ते बोटांना कळतं, मधलं बोट वणवण फिरतंय आणि अंगठा त्याच तीन घरांत.

आता पुन्हा फ्यूर अलीना ऐका. तुम्हाला दोन आवाज वेगळे ऐकू यायला लागतील. आणि साधारण दोन तृतीयांश संपल्यावर एका ठिकाणी नियम मोडतो, खाली ग यायला हवा तिथे रे येतो, पूर्ण तुकड्यात एकदाच. पेडलही तिथेच सुटतं. स्वरलेखनात पॅर्टने त्या जागी एक छोटंसं फूल काढलंय. नियम माहीत नसेल तर ती जागा नुसती गोड वाटून निघून जाते, माहीत असेल तर दचकायला होतं.

तिसरी स्टेप: श्पीगल इम श्पीगल

ते सिनेमातलं हेच. आरशात आरसा असा अर्थ, 1978 चं. इथे सा पांढरी चार धरा, मेजर आहे, म्हणजे बिलावल, म साठी काळी पाच लागेल. सगळी चाल शुद्ध ग भोवती फिरते. पहिल्यांदा व्हायोलिन रे ग म्हणतं, मग त्याचंच प्रतिबिंब म ग. पुढे दर वेळी एक सूर वाढतो आणि प्रत्येक ओळीचा उलटा आरसा येतो. पेटीवर सा रे ग, मग प म ग असं करून बघितलं तर लगेच हाताला समजतं, फार वेळ घालवू नका. व्हायोलिनऐवजी चेलोवर वाजवलेलंही मिळतं, मला ते जास्त आवडतं, जरा कमी साखर.

चौथी स्टेप: ब्रिटनसाठी लिहिलेलं कान्टुस

इथे मात्र वेळ काढा. ब्रिटिश कंपोझर बेंजामिन ब्रिटन डिसेंबर 1976 मध्ये गेला. पॅर्टने त्याचं संगीत नुकतंच मनापासून ऐकायला सुरुवात केली होती आणि भेटायची इच्छा राहून गेली. मग 1977 मध्ये हे लिहिलं, तारवाद्यं आणि एक घंटा, जेमतेम सहा-सात मिनिटं.

साहित्य काय वापरलंय तर आपला मघाचाच पांढरी सहाचा आसावरी थाट, तोही फक्त अवरोही. सा. मग सा नि. मग सा नि ध. मग सा नि ध प. दर वेळी वरच्या सा पासून सुरुवात आणि एक पायरी जास्त खाली. लांब-आखूड, लांब-आखूड अशी चाल. वाजवून बघा पेटीवर, पहिली दुसरीतल्या मुलाचा पलटा आहे हा.

आता यातली खुबी. हाच पलटा पाच थरांत एकाच वेळी चालतो. पहिली व्हायोलिन सगळ्यात वर आणि सगळ्यात जलद. दुसरी व्हायोलिन त्याच्या निम्म्या गतीने, एक सप्तक खाली. व्हायोला त्याच्या निम्म्याने, चेलो अजून निम्म्याने, आणि डबल बेस सोळापट सावकाश. आपल्या भाषेत सांगायचं तर एकच तान एकाच वेळी पाच लयींत चाललीय, बरोबरी, निमपट, पावपट करत करत खाली. शिवाय व्हायोला सोडून प्रत्येक थराला त्याचा घंटेचा सोबती, सा ग प वाला, तोच नियम.

ऐकताना असं करा. पहिल्यांदा फक्त घंटेकडे लक्ष द्या, सुरुवातीला थोडी शांतता, मग बारीक तीन ठोके, मग तारा येतात. दुसऱ्यांदा फक्त वरची व्हायोलिन पकडा, दर वेळी किती खाली उतरतात ते. तिसऱ्यांदा फक्त डबल बेस. हे कठीण आहे कारण ते इतकं हळू सरकतं की सूर बदलला हे बदलून गेल्यावर कळतं. चौथ्यांदा हे सगळं विसरून ऐका, आवाज वाढवून. शेवटाकडे एकेक थर आपल्या शेवटच्या सुरावर पोचतो आणि तिथेच धरून बसतो, वरचे आधी, बेस सगळ्यात शेवटी, आवाज चढत चढत भिंतीसारखा होतो.

आणि मग तारा एकदम थांबतात. त्यांच्या आवाजाखाली घंटेचा एक ठोका हळूच मारून ठेवलेला असतो, तो तोवर ऐकूच आलेला नसतो, आता फक्त तोच उरतो. हेडफोन घट्ट लावा आणि त्या विरणाऱ्या घंटेत कान घाला. पूर्ण तुकडाभर कोमल गंधार ऐकलाय आपण, आणि त्या घंटेच्या आसेत शुद्ध गंधार मिसळलेला असतो. घंटेघंटेनुसार आणि रेकॉर्डिंगनुसार कमी जास्त, पण असतो. आपल्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही, तंबोरा चांगला लागला की त्यातून स्वयंभू गंधार निघतो हे किराणा घराण्याच्या गाण्याबद्दल ऐकत आपण मोठे झालोय. इथे तो शोकगीताच्या शेवटी, न वाजवता, आपला आपण येतो. माझ्या मते पॅर्ट ऐकायला लागण्यात मराठी कानाचा काही फायदा असेल तर तो हा.

आणि याच कारणासाठी मघाचा पेटीचा सराव तंबोरा ऍप लावून करू नका, त्यातला शुद्ध ग तुमच्या कोमल ग शी भांडत बसेल. खर्जाचा एक सा पुरे.

पाचवी स्टेप: शब्द

वाद्यांचं झालं, पण पॅर्टचं खूप मोठं काम गायनाचं आहे, लॅटिन, चर्च स्लाव्होनिक (ऑर्थोडॉक्स चर्चची जुनी भाषा), जर्मन, इंग्लिश. तिथे चाल कुठून येते? शब्दांमधूनच, अगदी मोजून. 1977 च्या मिसा सिलाबिकामध्ये शब्दात अक्षरं किती यावर सूर किती ते ठरतं. एक मध्यवर्ती सूर धरायचा, आणि शब्द त्या सुरापासून निघतो नाहीतर त्या सुरावर येऊन थांबतो. कंपोझरने 'इथे जरा गोड करूया' असं म्हणायला जागाच ठेवलेली नाही.

मराठीत करून बघा, ओवी-अभंगामुळे अक्षरं मोजायची आपल्याला सवय आहेच. साधं वाक्य घ्या: आज पाऊस खूप पडला. दोन, तीन, दोन, तीन. ठरवा की प्रत्येक शब्द सा वर संपणार, पहिला शब्द वरून उतरून, दुसरा खालून चढून, पुन्हा वरून, पुन्हा खालून. आज म्हणजे रे सा. पाऊस म्हणजे ध नि सा. खूप रे सा. पडला ध नि सा. घंटेचा आवाज मघाच्या नियमाने: सा प, प प प, सा प, प प प. आता तुमच्या आवडीचा एखादा अभंगाचा चरण घ्या आणि तसंच करा, एकाने चाल म्हणायची, दुसऱ्याने घंटा. कॉमा आला की थोडं थांबा, पूर्णविराम आला की जास्त. पॅर्टच्या 1982 च्या पासिओमध्ये विरामचिन्हांनाही असं काम दिलंय, येशूच्या अटकेपासून मरणापर्यंतची कथा, सव्वा तासाच्या आसपास, आणि सगळं याच शिस्तीत, कुठेही नाटकीपणा नाही. पहिल्या वीस मिनिटांत कंटाळा येईल. येऊ द्या. शेवटी एकदम मेजरमध्ये उघडतं तेव्हा तासभराचा हिशोब चुकता होतो.

हा सराव करताना मराठी वाक्य जरा कोरडं ऐकू येईल, भजनासारखं रंगणार नाही. रंगवू नका. मींड नको, मुरकी नको, गळ्यातून कणसूर आपोआप येतील ते सुद्धा आवरा, नाहीतर दोन आवाज एकमेकांवर बसतच नाहीत. आपल्या गायकांना यात सगळ्यात जड हेच जातं.

मोठं काय ऐकायचं

पहिलं टॅब्युला रासा. 1977, टॅलिनमध्ये पहिला प्रयोग, गिडॉन क्रेमर आणि तात्याना ग्रिन्देन्को अशी दोन व्हायोलिन, आणि पियानोवर चक्क दुसरा मोठा कंपोझर आल्फ्रेड श्निटके. पियानोच्या तारांत स्क्रू वगैरे अडकवलेले, त्यामुळे तो घंटेसारखा वाजतो. याची रेकॉर्ड ईसीएमच्या मान्फ्रेड आयशरने 1984 मध्ये काढली, पॅर्टचं संगीत त्याने गाडीच्या रेडिओवर ऐकून पिच्छा पुरवला होता, आणि तिथून पॅर्ट जगभर गेला. त्याच रेकॉर्डवर फ्रात्रेस पण आहे, क्रेमरबरोबर पियानोवर कीथ जॅरेट, हो तोच जॅझवाला. कान्टुस पण त्यातच. म्हणजे एकच रेकॉर्ड घ्यायची असेल तर हीच घ्या, फार शोधाशोध नको.

टॅब्युला रासाच्या दुसऱ्या भागाचा शेवट नक्की ऐका. सा पांढरी दोन आहे. सगळी वाद्यं एकेक करून गळतात, शेवटी डबल बेस एकटा पायऱ्या उतरत रे पर्यंत येतो. आणि सा वाजतच नाही. स्वरलेखनात पुढे नुसती शांतता लिहिलेली आहे, तीही मोजून. तो सा तुम्हीच मनात लावता. सम दाखवून न वाजवणारे तबलजी आपण बघितलेत, पण अख्खा षड्जच ऐकणाऱ्यावर सोडून देणं म्हणजे कमाल आहे.

यानंतर 1980 मध्ये देश सोडावा लागला. नोरा ज्यू घराण्यातली म्हणून कागदोपत्री इस्राएलला निघाले, प्रत्यक्षात व्हिएन्नाला उतरले आणि पुढच्या वर्षी बर्लिन. 2010 मध्ये परत एस्टोनियात. मधल्या तीस वर्षांत 'ते डेउम', 'मिसेरेरे', 'कानोन पोकायानेन' असं बहुतेक सगळं मोठं कोरसचं काम झालं. कानोन पोकायानेन फक्त माणसांचे आवाज, वाद्य एकही नाही, दीड तासाच्या जवळपास. ते एस्टोनियन फिलहार्मोनिक चेंबर क्वायर आणि टोनू काल्युस्ते यांचंच ऐका, ही मंडळी पॅर्टच्या हाताखालीच तयार झालीत म्हटलं तरी चालेल. 2014 मध्ये त्यांच्या ॲडम्स लॅमेंट या रेकॉर्डला ग्रॅमी पण मिळालंय.

आणि मुंबईकरांसाठी एक: लामेन्ताते. मुंबईत जन्मलेला शिल्पकार अनिश कपूर, त्याने 2002 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमध्ये मार्सियस नावाचं प्रचंड लाल शिल्प उभं केलं, दीडशे मीटरच्या आसपास लांब, ताणलेल्या पडद्याचं, दोन्ही टोकांना भोंग्यासारखं तोंड. पॅर्टने ते बघितलं आणि त्याच्यासमोर आपण आधीच मेलोय आणि उलट काळातून बघतोय असं काहीतरी त्याला वाटलं. त्यातून पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठी ही पाऊण तासाच्या आतली रचना आली आणि फेब्रुवारी 2003 मध्ये त्याच हॉलमध्ये, त्याच शिल्पाखाली वाजली. मेलेल्यांसाठी शोक नाही, जिवंत राहिलेल्यांसाठी आहे. यात टिंटिनाबुली कडकपणे शोधायला जाऊ नका, जोरदार पितळी वाद्यं, नगाऱ्याचे गडगडाट, मध्येच एकदम पियानो एकटा. शांत पॅर्ट म्हणणाऱ्यांना मी हे आधी ऐकवतो.

दोन-तीन बारीक सूचना. याला 'होली मिनिमलिझम', म्हणजे मोजक्या सुरांचं धार्मिक संगीत, असं लेबल लावतात, दुकानात शोधायला बरं, बाकी उपयोग नाही. राग शोधत बसू नका, थाट जुळतो म्हणून राग जुळत नाही, चलन नाही, वादी-संवादी नाही. आणि सलग एकामागून एक तुकडे लावू नका, एक झाला की बंद करा. याच्या शांतता मोजून लिहिलेल्या असतात आणि ऍप दोन सेकंदांत पुढचं लावून त्यांची वाट लावतं, ते ऑटोप्ले आधी बंद करा.

स्वरलेखन हवं असेल तर व्हिएन्नाची युनिव्हर्सल एडिशन छापते, विकत मिळतं, फ्यूर अलीना दोन पानांचं असल्यामुळे पहिलं तेच घ्या, फूल कुठे आहे ते स्वतः बघायला मिळेल. आणि कधी टॅलिनला जाणं झालंच तर तिथून पस्तीसेक किलोमीटरवर लाउलास्मा गावी पाइनच्या जंगलात पॅर्ट सेंटर आहे, 2018 मध्ये नवीन इमारत झाली. त्याच्या वह्या आणि हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत, मनोरा आहे, वर चढलं की समुद्र दिसतो. निघायच्या आधी उघडण्याच्या वेळा बघून घ्या, रोज उघडं नसतं.